मातीची तहान मोजणारी कुपी

माती मुठीत दाबून ओल ओळखायला आपण आई-आजीकडून शिकलो. तेच काम भाजलेल्या मातीची, पाण्याने भरलेली कुपी करते. भोवतालची माती सुकली की ती कुपीतलं पाणी ओढते आणि वरचा काटा चढतो. हा टेन्सिओमीटर घडवणाऱ्यांत अमेरिकेचे लॉरेन्झो रिचर्ड्स होते. १९५४ साली त्यांनीच संपादित केलेल्या खाऱ्या जमिनींवरच्या पुस्तकात मातीतल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षार ओळखायची रीत दिली आहे.

पॉलिहाऊसमध्ये पाऊस पडत नाही, त्यामुळे खतांचे क्षार साचतात आणि ओल्या मातीतही रोप तहानलेलं राहतं. मुठीला ओल कळते, क्षार कळत नाहीत. पाणी-खत आपण देतो, मग दोन्ही काटे वाचायलाही आपणच शिकूया.