शनिवारी थांबणारा घाणा

अंगाला कोणतं तेल लावू, असं दवाखान्यात कुणी विचारलं की मी आधी झोप नि भूक विचारते. अंग कोरडं, सांधे वाजतात, झोप उडालेली, तर तिळाचं कोमट तेल. उष्णता सोसत नसेल त्याला खोबरेल. मोहरीचं तेल उष्ण; कफाच्या माणसाला थंडीत चालतं, पित्ताच्या माणसाला नाही. ताप किंवा अपचन असेल तर तेलच नको. चरकांनी सगळ्या तेलांत तिळाला मान दिला. 'तेल' हा शब्दच मुळी तिळातून आला.

मालिशचं नारायण तेल मी घरीच बनवते. शतावरी, अश्वगंधा, बेल, दूध, सगळं तिळाच्या तेलात. कल्क, म्हणजे औषधींचा वाटलेला लगदा, एक भाग, तेल चार, द्रव सोळा. तासन्‌तास मंद आच. शेवटी कल्काची बोटांवर वात वळायची आणि विस्तवावर धरायची. तडतडली तर पाणी उरलंय. मालिशचं तेल खरपाकाचं, म्हणजे जास्त शिजवलेलं, नाकात सोडायचं मृदुपाकाचं, म्हणजे कमी शिजवलेलं. एवढं सगळं करूनही मूळ तेल खवट असलं तर मेहनत वाया. म्हणून तेल्याला मी वैद्याइतकंच मानते.

मी अलिबागची. आमच्या किनाऱ्यावर घाणे चालवायचे ते बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, काम करायचं नाही हा त्यांचा नेम, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. मारुतीला तेल वाहायचा वारही शनिवारच, आणि नेमका त्याच दिवशी यांचा घाणा बंद! तरी कोकणात ते शतकानुशतकं सुखानं नांदले. गावांवरून आडनावं घेतली: नवगावकर, पेणकर, चेऊलकर.

पुढे पलटणीतल्या आणि इतर नोकऱ्यांसाठी कुटुंबं मुंबईला गेली. 1796 मध्ये तिथं त्यांचं सिनेगॉग उभं राहिलं. 1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. बैल, लाट, पेंडीचा वास, सगळं मागं पडलं.

अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आहे, घाणा नाही. माझे तीळ मी दुसऱ्या गावच्या लाकडी घाण्यावर नेते आणि धार पडेपर्यंत तिथंच बसून राहते.