चावीच्या जुडग्यातली बॅटरी

आमच्या गावाकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. इंजिनीअरिंगसाठी पुण्यात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलचे लाइट गेले. मी रूममेटला म्हणालो, ‘बॅटरी दे रे.’ त्याने अंधारात चाचपडत मला पॉवर बँक काढून दिली.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या जानेवारीत मी चार दिवस घरी होतो. त्या आठवड्यात शेतीपंपांची थ्री फेज वीज रात्रीची होती. साडेबाराला अण्णा उठले, कानटोपी घातली, खोरं खांद्यावर टाकलं आणि गव्हाला पाणी द्यायला निघाले. मीही मागोमाग गेलो. दारं धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून फोन शर्टाच्या खिशात ठेवला होता, कॅमेरा बाहेरच्या बाजूला. वाकले की उजेड त्यांच्याच पोटावर पडायचा आणि पाय अंधारात राहायचे. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नव्हती. फोनचं चार्जिंग तेवीस टक्के होतं.

आमच्या घरात बांधावरच्या अंधाराला एक नाव आहे. अण्णांचे थोरले भाऊ १९९३ साली रात्री पाणी द्यायला गेले आणि त्यांना घोणस चावली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी ते गेले. आजी ही गोष्ट सांगते तेव्हा सापाबद्दल कमी बोलते, बॅटरीबद्दल जास्त. सेल संपले होते आणि बाजार शनिवारी होता. म्हणून तिने ते दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवले. संध्याकाळी बॅटरी छान लागली. विहिरीपर्यंत पुरली आणि बांधावर विझली.

पुण्याला परत आल्यावर अण्णांसाठी एक छोटी, स्वस्त, चावीला अडकवता येईल अशी बॅटरी शोधायला बसलो. दहा मिनिटांचं काम होतं, त्याला तीन रात्री लागल्या. कारण आजीच्या त्या सेलचं उत्तर मला बॅटरीच्या इतिहासात सापडलं.

हातात धरायच्या बॅटरीचं एक महत्त्वाचं पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या डेव्हिड मिसेल या इंग्रज माणसाला मिळालं. नळीत एकामागे एक सेल, टोकाला बल्ब आणि त्याच्यामागे परावर्तक. आपल्या घरातल्या बॅटरीचा साचा अजूनही तोच आहे. हे पेटंट कॉनरॅड ह्यूबर्टच्या कंपनीकडे गेलं. ह्यूबर्ट रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेला स्थलांतरित होता. त्याने काही बॅटऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिल्या आणि त्यांना त्या आवडल्या. पुढे याच धंद्यातून ‘एव्हरेडी’ हे नाव आलं.

अमेरिकेत या वस्तूला ‘फ्लॅशलाइट’ म्हणतात. फ्लॅश म्हणजे क्षणभराचा लखलखाट. त्या काळच्या बल्बमध्ये कार्बनची तार असायची. ती वीज भरपूर खायची आणि उजेड थोडा द्यायची. सेलही दुबळे होते. सतत लावून ठेवलं की दिवा मंदावायचा, थोडी विश्रांती दिली की सेल पुन्हा सावरायचा. म्हणून बटण दाबायचं, पाहायचं, सोडायचं.

जस्त-कार्बन सेलचा हा स्वभाव आजही तसाच आहे. वापरताना त्याच्या आत रासायनिक क्रियेचे अवशेष साचतात आणि प्रवाहाला अडथळा होतो. विश्रांती मिळाली की ते थोडे पांगतात. उन्हाच्या उबेने आतली हालचाल आणखी वाढते. सेल भरत मात्र नाही. तळाशी उरलेलं थोडंसं फक्त वर येतं. आजीने केलं ते चुकीचं नव्हतं, गावोगाव सगळेच तसं करायचे. त्या सेलने जेवढं उरलं होतं तेवढं प्रामाणिकपणे दिलं आणि तो संपला. संध्याकाळी अंगणात बॅटरी छान लागते, याचा अर्थ ती रात्रभर पुरेल असा होत नाही.

भारतात एव्हरेडीचे सेल १९०५ पासून विकले जाऊ लागले आणि १९३४ साली इथे कंपनी उभी राहिली. पुढे तिचं नाव युनियन कार्बाइड इंडिया झालं. हो, तीच. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जिच्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली, तीच कंपनी शेतकऱ्याच्या हातातल्या बॅटरीचे सेल बनवत होती. अमेरिकी मालकांनी १९९४ साली आपला हिस्सा विकला आणि भारतीय कंपनी एव्हरेडी इंडस्ट्रीज झाली. हे मला माहीत नव्हतं. शेतकऱ्याच्या कोनाड्यातला सेल आणि त्याच्या फवारणीचं औषध एकाच कंपनीकडून येऊ शकत होतं, हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि त्या रात्री पुढे काही शोधलं नाही.

बॅटरी चावीएवढी लहान झाली ती एलईडीमुळे. लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा लागत होता. तो १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुराने पुरेसा तेजस्वी करून दाखवला. त्याला इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासोबत २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळं चमकणारा लेप दिला की उजेड पांढरा दिसतो. तुमच्या फोनचा टॉर्चही असाच चालतो.

आता निवड. बाजारात मुख्यतः तीन जाती दिसतात.

पहिली बटण सेलची. सगळ्यात हलकी, सगळ्यात स्वस्त. पण सीआर२०१६ सेलमध्ये जेमतेम ९० मिलिअँपिअर-तास असतात आणि तो सेल आमच्या गावातल्या दुकानात मिळत नाही. दुसरी यूएसबीवर चार्ज होणारी. शहरात हीच घ्या, मीही वापरतो. पण जिथे रोज फोन चार्ज करायचीच मारामार, तिथे आणखी एक वस्तू चार्जिंगला लावायची आठवण कोण ठेवणार?

तिसरी एका ‘एएए’ सेलवर चालणारी. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि हा सेल देतो दीड. म्हणून आत एक छोटं सर्किट असतं. सायकलचा हातपंप जसा थोडी थोडी हवा ढकलून दाब वाढवतो, तसं ते सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करून व्होल्टेज वाढवतं. सेकंड इयरला हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

खोक्यावरचे आकडे मात्र जपून वाचा. बॅटऱ्यांच्या अमेरिकी मानकानुसार उजेड लावल्यापासून अर्ध्या मिनिटानंतर मोजतात आणि ‘चालण्याचा वेळ’ उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा धरतात. म्हणजे ‘१०० लुमेन, दोन तास’ लिहिलं असेल तर दुसऱ्या तासाच्या शेवटी हातात दहा लुमेनही असू शकतात. म्हणून मी सर्वांत जास्त लुमेनची घेतली नाही. मंद उजेडाची वेगळी पायरी असलेली, पाण्याचे शिंतोडे सोसणारी घेतली. पावलापुढची दोन हात जमीन दिसली तरी पुष्कळ असतं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली होती.

साडेतीनशे रुपये पडले. महिन्याने घरी गेलो तेव्हा अण्णांच्या हातात ठेवली. त्यांनी उलटीपालटी करून पाहिली.

‘एवढीशीच?’

‘वाकलात की दातात धरता येते, अण्णा.’

‘सेल कुठला लागतो?’

‘रिमोटचा.’

‘मग मिळतो,’ म्हणाले आणि स्टार्टरच्या पेटीच्या चावीला ती अडकवली. मी चार सेल जास्तीचे नेले होते. ते आजीने मागून घेतले आणि देवळीत ठेवले. उन्हात ठेवायचे नाहीत, संपले की फेकायचे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘आता कशाला ठेवू उन्हात.’

परवा रात्री दीड वाजता एक रिलीज अडकलं होतं म्हणून मी जागाच होतो. त्यांची पाळी रात्रीची आहे हे माहीत होतं, म्हणून फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

‘चार्जिंग किती आहे?’ मी विचारलं.

‘ऐंशी,’ अण्णा म्हणाले. ‘तू झोप आता.’