जखमेचा पुरावा

अफजलखानाच्या वधानंतर (इ. स. १६५९) शिवाजी महाराजांनीं जखमी शिपायांस जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली, असें कृष्णाजी अनंत सभासद लिहितो. रकमेपेक्षां जखम पाहण्याची ही रीत आम्हांस महत्त्वाची वाटते. तरवारीचा वार दिसतो. छावणींत जडलेला रोग दिसत नाहीं. तो चाकरीमुळें झाला, हें सिद्ध कोणीं करावें? अपस्मारामुळें सेवेबाहेर पडलेल्या धर्मवीर सिंग या शिपायाच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं १९८२ च्या नियमांवरून ठरविलें कीं, भरतीच्या वेळीं रोगाची नोंद नसल्यास शिपाई तेव्हां निरोगी होता असें धरावें. उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. म्हणजे निवाडा आला तो भरतीच्या कागदावर. चांदें प्रांत नागपूरकर भोसल्यांकडे होता. सावलीकडील संग्राहकांस त्यांच्या फौजेचे कागद सांपडल्यास जखमींच्या याद्यांबरोबर चाकरीस ठेवतांनाच्या नोंदीही जपून ठेवाव्या.