उताराची कारागिरी

पनवेल तालुक्यातील खांदा कॉलनी ही वसाहत वयाने लहान आहे. मुंबईचा भार हलका करण्यासाठी 1970 साली सिडकोची स्थापना झाली, पुढे खाडीकाठच्या भातखाचरांचे संपादन होऊन त्यांचे सेक्टर आणि भूखंड पडले, आणि खांदा गावाच्या परिसरात इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. तरीही खांदेश्वर महादेवाचे देवालय आपल्या जागी राहिले आणि हार्बर मार्गावरील रेल्वे स्थानकालाही त्याच दैवताचे नाव मिळाले. या वसाहतीतील मुलामाणसांना उंचावर चढून खाली झेपावण्याचा आनंद दोन ठिकाणी मिळतो. एक, पनवेल परिसरातील जत्रांत आणि मेळ्यांत चार दिवसांसाठी उभ्या राहणाऱ्या आकाशपाळण्यात. आणि दुसरे, जवळच्या कळंबोलीहून निघणाऱ्या द्रुतगती मार्गाने गेले असता खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथे 2013 साली उघडलेल्या इमॅजिका या उद्यानात. अशा खेळांपैकी अव्वल कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण उंची आणि वेग या दोन आकड्यांत शोधतात. इतिहासाची साक्ष निराळी आहे. मनुष्य उताराला प्रथम भ्याला, मग त्याने त्याला आवरले, आणि शेवटी घडवले. आणि जो खेळ या घडवण्याच्या कलेत सरस, तोच खरा श्रेष्ठ, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

पनवेल हे जुने बंदर. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी पडावाने खाडी ओलांडून पनवेलच्या धक्क्यावर उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. 1830 साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला, आणि पनवेलचे महत्त्व आणखी वाढले. पुढे 1863 साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढण, सदतिसास एक असा तीव्र उतार, पंचवीस बोगदे, आणि या सर्वांसाठी पटकीने व अपघातांनी प्राण गमावलेले हजारो मजूर, असा त्या कामाचा हिशेब आहे. येथे उतार हा शत्रू होता. कड्याला वळसा घालण्यास जागा नव्हती, म्हणून खंडाळ्याच्या खाली गाडी थांबवून तिची दिशा उलटवावी लागे. आणि गतिरोधक निकामी होऊन उधळलेली गाडी आवरावी म्हणून मुख्य मार्गाला जोडून वर चढत जाणारे फाटे बांधण्याची तजवीज करावी लागली. गुरुत्वाकर्षणाशी केलेला हा करार होता, आणि त्याचे प्रत्येक कलम अभियंत्यांना अनुभवाने लिहावे लागले.

मनोरंजनाचा जन्म याच विद्येतून झाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. रशियात सेंट पीटर्सबर्गजवळ बर्फाच्या कृत्रिम टेकड्या उभारून त्यांवरून घसरण्याचा शौक अठराव्या शतकात राजदरबारापर्यंत पोहोचला होता, आणि 1817 साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या लावून त्याचे अनुकरणही झाले होते. परंतु आजच्या रोलर कोस्टरचा निकटचा पूर्वज अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात मॉक चंक येथे 1827 साली बांधलेला कोळशाचा लोहमार्ग होय. तेथे भरलेल्या वाघिणी केवळ उताराच्या बळावर खाली येत, आणि रिकाम्या वाघिणी खेचरांकरवी वर नेल्या जात. पुढे कोळशापेक्षा प्रवाशांचीच गर्दी अधिक होऊ लागली, कारण लोकांना त्या उतरणीची गोडी लागली. त्याच कल्पनेच्या आधारे लामार्कस थॉम्सन याने 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर आपला मार्ग उघडला. त्याची लांबी सहाशे फूट, वेग ताशी सहा मैल आणि दर पाच सेंट होता. आजच्या मापाने ती गती पायी चालण्याच्या जेमतेम दुप्पट, तरी लोक रांगा लावून उभे राहिले. जिथे वेग नव्हता तिथे आनंद होता, ही नोंद या इतिहासाच्या आरंभीच सापडते.

वेगाच्या मोहाने काय होते, याचा धडा अकरा वर्षांनी मिळाला. 1895 साली त्याच कोनी आयलंडवर लीना बीचर याने प्रवाशांना उलटे फिरवणारे एक वर्तुळ उभारले. ते भूमितीतील शुद्ध वर्तुळ होते, आणि तोच त्याचा दोष ठरला. अशा वर्तुळाच्या माथ्यावरून गाडी जेमतेम निसटावी इतकाच वेग दिला, तरी तळाशी बसणाऱ्याला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो. शिवाय सरळ रुळावरून वर्तुळात शिरताना तो भार क्षणार्धात मानेवर येऊन आदळतो. प्रवाशांच्या माना दुखावू लागल्या, लोक पैसे देऊन केवळ पाहत उभे राहू लागले, आणि तो खेळ थोड्याच वर्षांत बंद पडला. धाडसाची त्यात उणीव नव्हती, आकाराची होती.

त्या आकाराचे उत्तर रेल्वेच्या अभियंत्यांकडे आधीपासून होते. सरळ रूळ एकदम वळणाला जोडला तर डब्याला धक्का बसतो, म्हणून दोहोंच्या मध्ये हळूहळू वक्र होत जाणारा संक्रमणाचा टप्पा घालण्याची वहिवाट एकोणिसाव्या शतकातच पडली होती. हेच तत्त्व उभ्या वळणाला लावण्याचे श्रेय जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याला जाते. त्याने आखलेला आणि आंटोन श्वार्त्सकोप्फ याने घडवलेला मार्ग 1976 साली कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानात खुला झाला. त्याचे वळण वर्तुळाकार नसून अश्रुबिंदूसारखे आहे: खाली, जेथे वेग अधिक, तेथे वक्र विशाल, आणि माथ्यावर, जेथे वेग मंद, तेथे तो आटोपशीर. कसलेला गवई एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर मींडेने जातो आणि मधली वाट ऐकणाऱ्याला कळूही देत नाही, तसा येथे भार देहावर चढतो आणि उतरतो. शक्तीचा आकडा त्यात कमी झाला आणि अनुभवाची प्रतिष्ठा वाढली. माझ्या मते या कलेच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण हेच.

तथापि आकार केवळ रुळांना असतो असे नाही, काळालाही असतो. साखळीने गाडी माथ्याकडे ओढली जात असता जो कडकड असा लयबद्ध आवाज येतो, तो ऐकून छातीत धडधड सुरू होते. पण तो आवाज मुळात अभयाचा आहे. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाशी असलेली खिटी मार्गावरील दातऱ्यांत अडकत जाते, त्याचा तो नाद. अमेरिकन कारागीर जॉन मिलर याने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा युक्त्यांना रूप दिले, आणि गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाखालून धरून ठेवणाऱ्या चाकांची योजनाही केली. या चाकांनी एक अपूर्व गोष्ट शक्य झाली: टेकाड ओलांडताना गाडी खाली वळते, देह मात्र आपल्या गतीने वर जाऊ पाहतो, आणि क्षणभर आसन सुटते. पुढच्या रांगेत बसणाऱ्याला दरीचे दर्शन आधी होते, पण तो माथ्यावर थोडा रेंगाळतो. शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला पुढच्या डब्यांच्या ओढीने माथ्यावरून झपकन खेचले जाते, म्हणून त्याला हे तरंगणे अधिक लाभते. एकच मार्ग दोन आसनांवर दोन निराळे अनुभव देतो, आणि उत्तम आखणी या दोहोंचाही विचार करते.

आपल्या मुलखातील जत्रांनी हीच विद्या पुस्तकांवाचून जतन केली. चार पेट्यांचा लाकडी पाळणा, हातांनी ढकलून आणि आऱ्यांना लोंबकळून फिरवणारी तरणी पोरे, आणि माथ्यावर पेटी आली की मुद्दाम तिला थांबवून ठेवणारा पाळणेवाला: ही विश्रांती कोणत्याही यंत्राने शिकवलेली नव्हती. तेथून गावदेवीचे शिखर, पटांगणातील दिवे आणि ओळखीची माणसे एकदम लहान दिसतात, आणि मनुष्य आपल्याच गावाकडे नव्या डोळ्यांनी पाहतो. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस याने 264 फूट उंचीचे जे चाक उभारले, त्याच्या छत्तीस डब्यांत दोन हजारांवर माणसे बसत आणि ते अत्यंत मंद फिरे. तरीही जगाने ते डोक्यावर घेतले, कारण त्यानेही उंचीवरून दिसणारे दर्शनच दिले.

याहून जुनी आणि गंभीर परंपरा बगाडाची. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातील बावधन येथे रंगपंचमीला भैरवनाथाच्या यात्रेत नवस फेडणारा बगाड्या लांब शिडाच्या टोकाला उंच टांगला जातो आणि बैलांच्या अनेक जोड्या तो गाडा ओढतात. पूर्वी अशा विधीत पाठीत लोखंडी गळ टोचण्याची चाल होती. ब्रिटिश अमदानीत तिच्यावर निर्बंध आले, आणि आता देहाला बांधून घेऊन विधी पार पडतो. करमणूक हा त्याचा हेतू कधीच नव्हता. तथापि उंचीला सामोरा जाणारा एक देह आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला सगळा गाव, हे चित्र भयाची सामाजिक बाजू स्पष्ट करते. माणूस उंचीवर एकटा जातो, पण निर्भय होतो तो इतरांवरील विश्वासाने.

कथेचे अंग यात नंतर मिसळले. थॉम्सननेच पुढे आपल्या मार्गांवर बोगदे आणि रंगवलेले देखावे योजले. 1955 साली वॉल्ट डिस्ने याने कॅलिफोर्नियात उघडलेल्या उद्यानात कथा हाच पाया ठरला, आणि 1959 साली तेथेच मॅटरहॉर्न पर्वताच्या प्रतिकृतीतून पोलादी नळीच्या रुळांवर गाडी धावू लागली. महाराष्ट्रात 1989 साली गोराई येथे एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, आणि नावेतून खाडी ओलांडून तेथे जाणे हाच एका पिढीच्या आनंदाचा पहिला अंक ठरला. मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इमॅजिकात स्वित्झर्लंडमधील बोलिगर आणि माबियार या कंपनीने घडवलेला नायट्रो आहे: उंची सुमारे 40 मीटर, वेग ताशी सुमारे 105 किलोमीटर, पाच वेळा उलटणारा मार्ग. मात्र त्याचे मर्म या आकड्यांत नाही. गाडी सुटण्याआधी पायांखालची फळी बाजूला सरकते आणि पाय अधांतरी राहतात. रूळ दिसतात, आधार दिसत नाही. आधार असतोच, फक्त दृष्टीआड केलेला असतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी, ज्या घाटाने आगगाडीला अडवले त्याच्याच छायेत, उताराची ही नवी रचना उभी आहे.

अशा रचनेमागे अदृश्य श्रमांची एक रांग उभी असते. रोज पहाटे फाटक उघडण्यापूर्वी मार्गावर चढून खिळा न् खिळा तपासणारा कामगार, रिकामी गाडी फिरवून पाहणारा चालक, प्रत्येक पट्टा हाताने ओढून खात्री करणारी मुलगी, आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देणारे, दाखले मागणारे सरकारी दप्तर, या साऱ्यांवर प्रवाशाचा आनंद अवलंबून आहे. 1923 च्या कायद्याने सरकारने करमणुकीवर शुल्क बसवले आणि 1951 च्या पोलीस अधिनियमाने अशा जागांच्या परवान्याची व्यवस्था केली, तेव्हा करमणूक ही लोकजीवनातील जबाबदारीची बाब आहे, हेच मान्य झाले. जत्रेतल्या पाळण्याच्या बाबतीत ही तपासणी अधिक काटेकोर व्हावयास हवी, कारण तो चार दिवसांत उभारला आणि मोडला जातो, आणि त्यात बसणारी मुले मोठ्या उद्यानाचे तिकीट घेऊ न शकणाऱ्या घरांतून आलेली असतात. त्यांच्या जिवाचे मोल कोठेही कमी नाही.

म्हणून खांदा कॉलनीतील एखाद्या मुलाने उद्या विचारले की सर्वांत चांगला खेळ कोणता, तर त्याला उंचीचा तक्ता दाखवू नये. ज्या खेळात भय आपल्या क्रमाने येते आणि आपल्या क्रमाने ओसरते, ज्याचे वळण देहाचा मान राखते, जो वर नेऊन काहीतरी दाखवतो, आणि ज्याच्या खिळ्याखिळ्यामागे कोणाची तरी निष्ठा आहे, तो खेळ श्रेष्ठ. मग तो चार पेट्यांचा असो की पोलादाच्या रुळांचा. खाली उतरल्यावर ज्याला पुन्हा रांगेत उभे राहावेसे वाटते, त्याने हे चारही गुण देहाने ओळखलेले असतात.