मान : मणके आणि स्नायू

मान : डोके आणि धड यांना जोडणारा शरीराचा भाग. मागच्या बाजूला पाठीच्या कण्याचे पहिले सात मणके, पुढे स्वरयंत्र, श्वासनलिका, अन्ननलिका व थायरॉइड ग्रंथी, दोन्ही कडांनी मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आणि या सगळ्यांभोवती स्नायूंचे थर, अशी तिची मांडणी असते. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. एवढे वजन तोलून धरायचे आणि शिवाय ते हवे तिकडे वळवायचे, ही दोन्ही कामे मानेला एकाच वेळी करावी लागतात. कण्याच्या या भागात हालचालीला झुकते माप मिळाले आहे. स्थैर्य मुख्यतः अस्थिबंध आणि स्नायूंवर सोपवलेले आहे. मानेची बहुतेक दुखणी समजून घेताना हीच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

माणसाच्या कण्यात जन्मतः साधारण 33 मणके असतात : मानेचे 7, छातीचे 12, कंबरेचे 5, त्रिकास्थीचे 5 आणि माकडहाडाचे सहसा 4. शेवटच्या दोन गटांतील मणके पुढे एकमेकांशी जुळतात. मानेच्या मणक्यांची सात ही संख्या जवळजवळ सर्व सस्तन प्राण्यांत कायम आहे. जिराफाची मान लांब असते ती मणके जास्त असल्याने नव्हे, तर प्रत्येक मणका लांबल्यामुळे. स्लॉथ आणि मॅनेटी हे याला ठळक अपवाद. मानेला असलेला पुढच्या बाजूचा बाक बाळ मान धरू लागले, म्हणजे तीन-चार महिन्यांचे झाले, की पक्का होऊ लागतो.

तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे मणके रचनेने बरेचसे सारखे असतात. पुढे लहान, आडवट पिंड, मागे कमान, कमानीच्या आत मज्जारज्जूची नळी आणि दोन मणक्यांच्या मध्ये चकती. चकतीचा गाभा मऊ असतो व त्याभोवती चिवट तंतूंचे वलय असते. मानेच्या मणक्याची खूण म्हणजे त्याच्या आडव्या प्रवर्धातील छिद्र. सहाव्या मणक्यापासून वरच्या छिद्रांमधून कशेरुकी धमनी मेंदूकडे चढते. सातव्या मणक्याच्या छिद्रातून मात्र ती सहसा जात नाही. मान खाली घालून मानेच्या तळाशी बोट फिरवले की जो उंचवटा लागतो तो बहुधा या सातव्या मणक्याचा काटा. शरीर तपासताना मणके मोजायला इथूनच सुरुवात करतात.

पहिले दोन मणके मात्र निराळे आहेत आणि मानेची खरी गुंतागुंत त्यांच्यातच आहे. पहिला, ॲटलस, हा पिंड नसलेले हाडाचे कडे आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड भागांवरील खोलगट पृष्ठांवर कवटी टेकते आणि होकार देताना मान हलते ती प्रामुख्याने या सांध्यात. दुसऱ्या मणक्यातून, म्हणजे ॲक्सिसमधून, वर एक दंतप्रवर्ध निघतो. गर्भावस्थेत ॲटलसच्या पिंडासाठी ठरलेला भागच ॲक्सिसला जाऊन मिळतो व त्याचा हा प्रवर्ध बनतो. ॲटलस डोक्यासकट त्याच्याभोवती फिरतो. मान एका बाजूला पूर्ण वळवली तर त्यातले जवळपास निम्मे वळण या एकाच सांध्यात घडते. कवटी व ॲटलस किंवा ॲटलस व ॲक्सिस यांच्यामध्ये चकती नसते. दंतप्रवर्ध जागेवर राहतो तो त्याच्या मागून आडव्या गेलेल्या एका अस्थिबंधामुळे. ॲटलसच्या कड्यातील जागेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग दंतप्रवर्धाचा, एक तृतीयांश मज्जारज्जूचा आणि उरलेला मोकळा. ही मोकळी जागाच मज्जारज्जूला वाचवते. संधिवाताभ आमवातात हा अस्थिबंध झिजू शकतो, डाउन सिंड्रोम असलेल्यांत तो सैल असू शकतो. अशा वेळी ॲटलस पुढे सरकून मज्जारज्जूवर दाब येण्याची भीती असते.

मणके सात असले तरी मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ आहेत, कारण पहिली जोडी ॲटलसच्या वरून बाहेर पडते. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या जोडीपासून श्वासपटलाचा मज्जातंतू तयार होतो. त्यामुळे मज्जारज्जूला या पातळीच्या वर गंभीर इजा झाली तर श्वासच थांबतो. अपघातग्रस्ताची मान न हलवता त्याला उचलावे, असे प्रथमोपचारात बजावून सांगतात ते याचसाठी. खालच्या चार जोड्या आणि छातीची पहिली जोडी मिळून हाताचे मज्जातंतुजाल बनते. मानेतली चकती सरकली की मुंग्या बोटांना येतात, त्या या जोडणीमुळे.

स्नायूंमध्ये सर्वांत सहज दिसणारा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. आरशासमोर उभे राहून चेहरा उजवीकडे वळवला की डाव्या कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारी दोरीसारखी रेषा उठून दिसते, ती याचीच. तो चेहरा विरुद्ध बाजूला वळवतो, पण डोके आपल्याच बाजूला झुकवतो. लहान बाळात हा स्नायू आखूड राहिला तर मान तिरपी राहते. पाठीमागे सर्वांत वर ट्रॅपेझियस पसरलेला असतो. कवटीच्या मागच्या कडेपासून छातीच्या शेवटच्या मणक्यापर्यंत त्याचा उगम आहे आणि खांद्याशी तो संपतो. खांदा आखडला असे लोक म्हणतात तेव्हा बहुधा याचा वरचा भाग किंवा त्याखालचा, खांद्याचे पाते उचलणारा स्नायू ताणलेला असतो. बाजूला तीन स्केलीन स्नायू आहेत. पुढच्या व मधल्या स्केलीनच्या फटीतून हाताचे मज्जातंतुजाल आणि मुख्य धमनी जाते. मानेच्या सातव्या मणक्याला जादा फासळी असेल तर ही वाट अरुंद होते.

आकाराने लहान पण महत्त्वाने मोठे असे दोन गट फारसे कुणाला ठाऊक नसतात. कवटीच्या तळाशी मागच्या बाजूला छोट्या स्नायूंच्या चार जोड्या आहेत. ताण टिपणाऱ्या संवेदी तंतूंची त्यांत दाटी असते आणि डोके नेमके कुठे आहे याची खबर मेंदूला त्यांच्याकडून मिळते. दुसरा गट मणक्यांच्या पुढ्यात, अन्ननलिकेच्या मागे खोल असतो. त्यातला लाँगस कोलाय मानेचा बाक आतून सावरतो. जुनाट मानदुखीत हे खोल स्नायू दुबळे पडलेले आढळतात, म्हणून हनुवटी हलकेच आत ओढण्याचा व्यायाम सांगितला जातो. माझ्या मते मानेला बांधायच्या पट्ट्यापेक्षा या व्यायामाची महती रुग्णांना अधिक सांगायला हवी, कारण विनाकारण दीर्घकाळ बांधलेल्या पट्ट्याने स्नायू आणखी दुबळे होतात.

डोके पुढे झुकले की मानेवरचा भार वाढतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती प्रतिमानानुसार 60 अंश झुकलेल्या मानेवर सुमारे 27 किलोइतका भार येतो. हा आकडा मोबाइलच्या संदर्भात फार फिरला, पण तो गणिताने काढलेला आहे, जिवंत माणसात मोजलेला नव्हे. ओझे डोक्यावर घेतले की भार सरळ मणक्यांवरून खाली उतरतो. चुंबळीने तो टाळूवर पसरतो, तरी मणक्यांवरचे वजन कमी होत नाही. अशी ओझी वाहणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. वयानुसार चकत्या सुकतात आणि मणक्यांमधली जागा कमी होते. रुग्ण ज्याला गॅप म्हणतात ती बहुतेकदा हीच झीज. एमआरआयमध्ये ती मुळीच दुखणे नसलेल्यांतही सर्रास दिसते, म्हणून केवळ चित्रावरून उपचार ठरवणे चूक आहे.

सुश्रुतसंहितेत डोके व मान यांच्या सांध्याशी कृकाटिका नावाची दोन मर्मे सांगितली आहेत. त्यांना इजा झाल्यास डोके स्थिर राहत नाही, असे तिथे म्हटले आहे. याच परिसरातील शस्त्रक्रियेत मुंबईचे काम जगभर मानले जाते. के. ई. एम. रुग्णालयातील अतुल गोएल व व्ही. लाहेरी यांनी 1994 मध्ये ॲटलस आणि ॲक्सिस यांच्यात स्क्रू व पट्टी बसवून सांधा स्थिर करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ॲटलसच्या बाजूच्या जाड भागात आणि ॲक्सिसमध्ये स्वतंत्र स्क्रू बसतात. कशेरुकी धमनी अगदी लगत असल्याने स्क्रूची दिशा जराही चुकून चालत नाही. पुढे 2001 मध्ये जर्मनीतील युर्गन हार्म्स व रॉबर्ट मेल्चर यांनी पट्टीऐवजी दांडी व फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरून तिचे सुधारित रूप मांडले. ती आज गोएल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखली जाते. सांधा जुळल्यावर डोके वळवण्याची क्षमता बरीच घटते आणि मागे पाहायचे तर रुग्णाला खांदे व धडही सोबत वळवावे लागते.