असीरगडचा अश्वत्थामा

सातपुड्याच्या खिंडीवर असीरगड आणि त्याच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, तापीच्या काठी, बुऱ्हाणपूर. हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजांस पूर्वी हाच दरवाजा ठोठवावा लागे. म्हणून या गडास ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणत. आज हा मुलूख मध्य प्रदेशात मोडतो. तथापि तो जुन्या खानदेशाचाच भाग असून तेथे मराठी बोलणारी कुटुंबे आजही नांदत आहेत.

या गडाची आख्यायिका आबालवृद्धांस ठाऊक आहे. गुप्तेश्वर महादेवाच्या मंदिरात पहाटे कोणी पोहोचण्यापूर्वीच पिंडीवर ताजी फुले दिसतात आणि ती वाहणारा अश्वत्थामा होय, असे सांगतात. कपाळीच्या भळभळत्या जखमेसाठी तो वाटसरूंपाशी तेल मागतो. ज्यास तो दिसला त्याची बुद्धी ठिकाणावर राहत नाही, अशीही समजूत आहे. वर्गात मुले विचारीत, “गुरुजी, हे खरे काय?” आम्ही त्यांस उलट विचारीत असू की, सात चिरंजीवांपैकी नेमका हाच या गडावर का आला?

महाभारतातील सौप्तिक पर्व आठवावे. रात्री निद्रिस्त द्रौपदीपुत्रांस मारणारा तो हा अश्वत्थामा. आता गडाचा इतिहास पाहावा. फिरिश्ता लिहितो की, नासिरखान फारुकीने आपल्या जनान्यास आश्रय मागितला आणि डोल्यांतून हत्यारबंद शिपाई आत पाठवून गडाचा धनी आसा अहीर यास मुलांसह ठार केले. पुढे अकबराच्या वेढ्यात गडावर रोगराई माजली. बोलणी करण्यास खाली उतरलेला बहादूरखान फारुकी अडकवून ठेवला गेला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. विश्वासाचा घात दोनदा पाहिलेल्या या गडास लोकांनी अश्वत्थामाच रहिवासी नेमून दिला, यात नवल ते काय?

बुऱ्हाणपुराची कथा याहून करुण आहे. १६३० ते १६३२ या काळात दख्खन व गुजरात यांवर घोर दुष्काळ कोसळला. तुकोबांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली, तो हाच दुष्काळ. शहाजहान तेव्हा बुऱ्हाणपुरातच होता. त्याने लंगर उघडले, दर सोमवारी ५,००० रुपये वाटविले. परंतु दक्षिणेच्या मोहिमेसाठी बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे छावणीकडे वळत आणि वाटेवरील गावे उपाशी मरत. १६३० च्या अखेरीस सुरतेहून येणाऱ्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने रस्त्याकडेला पडलेली प्रेते पाहून लिहून ठेविली आहेत. याच नगरात १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल बाळंतपणात वारली. तापीपलीकडील आहूखान्याच्या बागेत तिला तात्पुरते पुरले व काही महिन्यांनी देह आग्र्यास नेला. एका देहासाठी ताजमहाल उभा राहिला. त्या रस्त्यावरील देहांस मूठभर मातीही लाभली नाही. बेगमेच्या आत्म्याच्या गोष्टी बुऱ्हाणपुरात निघतात. भुकेने मेलेल्यांची मात्र गोष्टही उरली नाही.

यात आपल्या बाजूचे पानही झाकू नये. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपुराचा संपन्न बहादूरपुरा लुटला. मोगली दौलतीवरचा तो घाव होता आणि शाळांतून तो अभिमानाने शिकविला जातो, हे योग्यच. तथापि त्या पेठेतील विणकराच्या घरी ते दिवस कसे गेले असतील, हेही मुलांस विचारावयास शिकविले पाहिजे. सीमेवरील शहराचे दैव असे की, दोन्ही बाजूंच्या फौजा त्याच्याच अंगणातून जातात.

बखरी व तवारिखा राजांच्या आज्ञेने लिहिल्या गेल्या; सामान्यांनी आपले दुःख भुताखेतांच्या स्वाधीन केले. म्हणून आमचे तरुण वाचकांस इतकेच सांगणे आहे की, गावच्या ओसाड वाड्याची वा बारवेची अशी गोष्ट कानी आली, तर ती हसण्यावारी नेऊ नये आणि भिऊन पळूही नये. तेथे कोण मेले, कोणत्या साली व कोणाच्या हातून, हे घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. ज्यांचे श्राद्ध कोणी केले नाही, त्यांचे तेवढेच तर्पण.