दोन तळी, दोन सॅलमँडर

मेक्सिकोतली सोचिमिल्को आणि पात्स्क्वारो ही तळी साधारण मुंबईच्याच अक्षवृत्तावर येतात. पण दोन्ही समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरहून उंच, त्यामुळे पाणी थंड. दोन्हीकडे असा एकेक सॅलमँडर (सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी) आहे, जो वयात येतो, अंडी घालतो आणि तरीही पिल्लाचे कल्ले घेऊन जन्मभर पाण्यातच राहतो. सोचिमिल्कोतला अ‍ॅक्सोलॉटल, पात्स्क्वारोतला अचोके. अचोकेचे कल्ले जास्त झुबकेदार. थायरॉइडचं संप्रेरक दिलं तर अ‍ॅक्सोलॉटल कल्ले टाकून जमिनीवर जगतो, अचोके मात्र बहुधा दगावतो.

अ‍ॅझ्टेक लोक अ‍ॅक्सोलॉटल आवडीनं खात, हे 16व्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकानं लिहून ठेवलं आहे. पुढे 1864मध्ये, मेक्सिकोत फ्रेंच फौजा असताना, 34 जिवंत अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला गेले. त्यांतले 6 ऑग्युस्त दुमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले. त्यांना पिल्लं झाली, आणि काही पिल्लांचे कल्ले चक्क झडले! हा प्राणी अर्ध्यावर थांबलेला आहे, हे तेव्हा युरोपला कळलं. आज प्रयोगशाळांत तुटलेला पाय पुन्हा कसा उगवतो हे ज्यांच्यावर अभ्यासलं जातं, त्यांतल्या बऱ्याच अ‍ॅक्सोलॉटलांचं मूळ या पॅरिसच्या कुटुंबात आहे.

अचोकेला 1870मध्ये आल्फ्रेदो द्युजेस यांनी शास्त्रीय नाव दिलं, तेही दुमेरिल यांच्याच सन्मानार्थ. पण तो परदेशी गाजला नाही. तळ्याकाठचे पुरेपेचा लोक त्याला अन्न आणि औषध मानत. पात्स्क्वारो गावातल्या डॉमिनिकन मठातल्या नन त्याच्यापासून खोकल्याचं सिरप बनवून विकत. 1930च्या दशकात तळ्यात परके मासे सोडले गेले, पुढे सांडपाणी आणि गाळ वाढला, अचोके मिळेनासा झाला. तेव्हा या ननांनी मठातच टाक्या मांडून त्याची पैदास सुरू केली. धंदा टिकवण्यासाठी उचललेलं हे पाऊल आज त्या जातीच्या सर्वांत मोठ्या आधारांपैकी एक ठरलं आहे, आणि या बायकांचं हे काम फार मोलाचं आहे.

अ‍ॅक्सोलॉटलची कीर्ती त्याच्या तळ्याच्या उपयोगी पडली नाही. सोचिमिल्कोत 1998मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे 6,000 अ‍ॅक्सोलॉटल होते, 2014मध्ये 36. तरीही मेक्सिकोच्या 50 पेसोंच्या नोटेवर 2021पासून त्याचं चित्र आहे. इकडे पात्स्क्वारोचं पाणी आटत आलं आहे, आणि मठातली पिल्लं तळ्यात सोडायची तर तिथलं पाणी आणि परके मासे या दोन्हींचा प्रश्न आधी सोडवावा लागेल.